मस्करीची व्युत्पत्ती आणि माझा मेहुणा

२ नोव्हेंबर, सोमवार

आज मेहुण्याने नोटीस दिली. तोंडी. नोटीस लेखी द्यायची असते एवढीही अक्कल नाही. महिनाअखेरीस आमचा सोफ्याचा कारखाना सोडणार आणि चौकापलीकडच्या त्या काचेच्या शोरूममध्ये लागणार म्हणे. शोरूमवाल्याला फोम कशाशी खातात ते ठाऊक नाही. एसी मात्र आहे.

मी खळखळून हसलो. म्हटलं, जा बाबा, पण तू बायकोवर फ्री मिळालेला आयटम आहेस, रिटर्न करताना डिलिव्हरी चार्ज पडेल. कुणी हसलं नाही. सोमवार होता. सोमवारी माणसं जडच असतात.

जेवताना बायकोला म्हटलं, तुझ्या भावाला पगार वाढवून हवा असेल तर तसं बोल म्हणावं, नाटकं कशाला? ती म्हणाली, तो पगारासाठी जात नाहीये, तुमच्या मस्करीला विटलाय. मी म्हटलं, मस्करी म्हणजे काय ते तरी त्याला कळतं का? ती म्हणाली, तुम्हाला कळतं का?

प्रश्न डोक्यात बसला. अपमान म्हणून नव्हे. आयडिया म्हणून.

३ नोव्हेंबर

प्लॅन तयार. मेहुण्याला मस्करी या शब्दाचा खरा अर्थ माहीत नाही, म्हणून तो चिडतो. अर्थ कळला की राग जाईल. राग गेला की मेहुणा राहील. मोठमोठ्या कंपन्या अशा कामाला कन्सल्टंट लावतात. मी आंघोळ करताना केलं.

अर्थ सांगायचा कुठे? घरी सांगितला तर बायको मध्ये बोलेल. कारखान्यात सांगितला तर कॉम्प्रेसर बोलेल. तेव्हा फर्निचरवाल्यांच्या संघटनेचं गॅदरिंग २८ तारखेला आहे, तिथे भाषण करायचं. सगळा धंदा समोर बसलेला, मेहुणाही बसलेला. अध्यक्षांना फोन केला. विषय सांगितला : मस्करी, एका जुन्या शब्दाचं मूळ आणि अर्थ. अध्यक्षांनी विषय दोनदा पुन्हा विचारून घेतला. विषयाचं वजन जाणवलं असावं. मग म्हणाले, जादूगाराचं अजून नक्की नाही, तोवर तुमचं नाव घालून ठेवतो.

संकल्प : रोज सकाळी एक तास अभ्यास. उद्यापासून.

५ नोव्हेंबर

काल अभ्यास झाला नाही. काल सुरू करायचा असं ठरलं होतं, पण सुरुवात गुरुवारी केलेली बरी असते.

आज सकाळी कारखान्यात गेलो. आमच्या लोकांची एक गोष्ट मला फार आवडते. शिस्त. कापड ठोकायचे बारीक खिळे, ज्यांना कारागीर चुका म्हणतात, ते मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवायचा आणि ठोकायचा. हात मोकळा राहतो. जुनी पद्धत. मी दारातून आत शिरलो की सगळ्यांच्या तोंडात खिळे. शिवणाऱ्या बाईंच्या तोंडात टाचण्या. तो डिंक्या, ज्याचं काम नुसतं फोम चिकटवायचं, त्याच्यासुद्धा तोंडात खिळे. मालक दिसला की काम सुचतं! मी नेहमीचं वाक्य टाकलं : चुका तोंडातच ठेवा रे, सोफ्यात नकोत. सगळ्यांनी मान डोलावली. तोंड भरलेलं, बिचारे हसणार कसे? डोळ्यांतून हसले.

मेहुण्याच्या डोळ्यांतलं दिसलं नाही. तो खाली वाकून होता.

७ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो. जन्मभर भाषा शिकवली, आता निवृत्त आहेत आणि उजेडात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत चुका काढतात. घरात कोश भिंतीला लावून ठेवलेत, बसायला मात्र एक वेताची खुर्ची. तिचा वेत सुटलाय. म्हणजे ज्ञान उभ्याने घ्यायचं.

विचारलं, मस्करी शब्द कुठून आला? मास्तर खुलले. त्यांच्याकडे इतक्या वर्षांत कुणी काही विचारायला आलं नसावं. म्हणाले, हा बाहेरून आलेला पाहुणा. मूळ अरबी मस्खरा, फारसीच्या वाटेने इकडे आला. मस्खरा म्हणजे काय? तर ज्याला लोक हसतात तो. हसण्याचा विषय.

मी म्हटलं, मास्तर, कोशात प्रिंटिंग मिस्टेक आहे. ज्याला हसतात तो नव्हे, ज्याच्यामुळे हसतात तो. मास्तर म्हणाले, कोशात तसं नाही. मी म्हटलं, कोश लिहिणाऱ्याने कधी चारचौघांत जोक सांगितला असेल का? त्यावर त्यांनी कोश मिटून जागेवर ठेवला. हरले.

संस्कृतात मस्करी नावाचा एक काठीवाला साधूही आहे म्हणाले, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. संबंध नसेल तर सांगितलं कशाला? ही विद्वानांची खोड. गिऱ्हाईक सिंगल सोफा मागतंय आणि हे डायनिंग टेबल दाखवतात.

९ नोव्हेंबर, सोमवार

संकल्प : २८ तारखेपर्यंत एकही मस्करी करायची नाही. दोन फायदे. एक, भाषणासाठी माल साठेल. दोन, मेहुण्याला माझी किंमत कळेल. पाणी तोडलं की नळाची आठवण येते.

दुपार. संकल्प मोडला, पण तो मी मोडला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या वेटिंग रूमसाठी मोठा बटणांचा सोफा करतोय, पाठीवर खोल खळगे आणि प्रत्येक खळग्यात कापडाचं बटण. त्यांनी मेहुण्याकडे बघून विचारलं, हे कोण? आता गिऱ्हाइकाने सरळ विचारल्यावर काय करायचं? म्हटलं, हा माझ्या बायकोवर फ्री मिळाला, बाय वन गेट वन. बाई पहिल्या खेपेला हे ऐकून हसल्या होत्या. दुसऱ्या खेपेला मान हलवली होती. आज मोबाईल बघत होत्या. डॉक्टर लोकांना फोन फार येतात.

म्हणजे त्यांनी हे आधीही विचारलं होतं. बाईंची मेमरी वीक आहे. दात काढणाऱ्याला मेमरी लागत नाही म्हणा.

उद्यापासून कडक.

११ नोव्हेंबर

आज मोठा शोध लागला. मास्तरांच्या अरबी-फारसीवर मी समाधान मानणारा माणूस नव्हे. मी सगळं स्वतः उभं केलंय. कारखाना स्वतः काढला, मग व्युत्पत्ती का नाही? दाढी करताना शब्द फोडला. मस्का अधिक अरी. अरी म्हणजे शत्रू. मस्क्याचा शत्रू तो मस्करी! जो मस्का लावत नाही, तोंडावर बोलतो, तो मस्करी करतो. किती उघड आहे! इतकी वर्षं एकाही मास्तराला दिसलं नाही.

लगेच वर गेलो. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काढला. म्हणाले, गृहस्था, हे कुणाला सांगू नका. मी समजलो. कॉपी करतील.

मग हातासरशी बाकीचे शब्दही विचारून घेतले. चेष्टा म्हणजे संस्कृतात नुसती हालचाल, धडपड. आपण तिची कुचेष्टा केली. विनोद म्हणजे मुळात दूर सारणं, घालवून देणं. मी म्हटलं, बरोबर, दुःख घालवून देणं. मास्तर म्हणाले, काय घालवायचं ते ज्याचं त्याने बघायचं, काही लोक माणसं घालवतात. मी हसलो नाही. मास्तरांना टायमिंग नाही.

१४ नोव्हेंबर

मालक म्हणून माझं मन किती मोठं आहे याचा पुरावा इथे नोंदवतो. स्टेपल गन आणली. दोन आणल्या. हवेवर चालते, टक्‌टक्‌ करत पिना मारत जाते, तोंडात काही धरावं लागत नाही. माझ्या लोकांना मोकळेपणी हसता यावं हा हेतू. बोलून दाखवलं नाही. मोठी माणसं बोलून दाखवत नाहीत.

डिंक्याने गन हातात घेऊन दोन वेळा हवेतच मारली आणि फार खूश झाला. मी घरी येताना गेटमधून परत वळलो, पाकीट विसरलं होतं. आत गन टक्‌टक्‌ चालू होती आणि कुणीतरी काहीतरी सांगत होतं, सगळे खिदळत होते. माझे कान तिखट आहेत. स्प्रिंगचा नुसता आवाज ऐकून मी कुठली सैल आहे ते सांगतो. हसणं ऐकून बरं वाटलं. माझ्या सकाळच्या जोकवर उशिरा हसत असणार. काही लोकांचं इंजिन डिझेलचं असतं.

आत पाय टाकला तर सगळ्यांच्या तोंडात खिळे. एका हातात गन आणि तोंडात खिळे! सवय. गरीब माणसाला सुखाची सवय व्हायला वेळ लागतो.

१६ नोव्हेंबर, सोमवार

एक माणूस गेला की धंदा बसतो असं लोकांना वाटतं. मी दाखवून देणार आहे. मेहुणा गेला तर काय बिघडतं? बटणच तर लावायचं असतं. सुतळी ओवायची, ओढायची, गाठ मारायची. यात कला कसली?

डॉक्टरीणबाईंच्या सोफ्याची एक ओळ स्वतः लावली. पहिलं बटण जरा जास्त आत गेलं. त्याला मॅच करायला दुसरं आणखी आत घेतलं. मग पहिलं उथळ वाटू लागलं. ओळ संपेपर्यंत सोफ्याच्या पाठीला उतार आला होता. लांबून बघितलं तर दिसत नाही. फार लांबून.

मेहुणा आला, उभा राहिला. एकेक बटण सोडवलं आणि पुन्हा लावलं. सुतळी बोटाला गुंडाळून एकच झटका, आणि प्रत्येक खळगा पहिल्यासारखाच. मी म्हटलं, माझी ओळ जास्त नैसर्गिक होती. तो म्हणाला, हो भावोजी. त्याला विनोदबुद्धी नाही असं मी म्हणतो ते उगाच नाही.

१८ नोव्हेंबर

कन्या कारखान्याचं काउंटर सांभाळते. शिकलेली आहे, त्यामुळे उर्मट आहे. आज म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच कळत नाही का, तुम्ही आत आलात की सगळे खिळे तोंडात का टाकतात ते? म्हटलं, शिस्त. ती म्हणाली, शिस्त कसली डोंबलाची, तुमच्या जोकवर हसायला लागू नये म्हणून. तोंडात खिळे असले की मान हलवून भागतं. शिवणाऱ्या बाईंनी काढलेली युक्ती आहे, खिडकीतून तुमची गाडी दिसली की त्या टाचण्यांचा डबा वाजवतात.

हे ऐकून मी दोन मिनिटं विचार केला. निष्कर्ष : पोरगी मामाची बाजू घेते. आईच्या माहेरचं रक्त. दुसरं म्हणजे, लोक हसू दाबायला खिळे धरतात याचाच अर्थ हसू येतं. न येणारी गोष्ट कोण दाबेल?

तरी उद्या गाडी मागच्या गल्लीत लावून बघावी.

१९ नोव्हेंबर

मागच्या गल्लीत गाडी लावायला जागा नव्हती. प्रयोग रद्द.

२१ नोव्हेंबर

भाषणाची रिहर्सल बायकोसमोर. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मस्का अधिक अरीपर्यंत आलो तेव्हा तिच्या घड्या संपल्या आणि ती इस्त्रीला बसली. विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, त्यात माझ्या भावाचं काय आहे? म्हटलं, सगळं त्याच्यासाठीच आहे. म्हणाली, मग त्याच्याशीच का बोलत नाही?

बायकांना मोठी योजना दिसत नाही. त्यांना सरळ रस्ता दिसतो.

संध्याकाळी कारखान्यात सगळे गेल्यावर तयार सोफ्यांसमोर रिहर्सल केली. प्रत्येक सोफ्यावर तीन माणसं बसली आहेत अशी कल्पना केली. प्रतिसाद उत्तम.

२४ नोव्हेंबर

मी जिंकलो! लिहून ठेवतो : मी जिंकलो.

बायको भावाकडे जाऊन आली. तो म्हणाला म्हणे, ताई, मला त्या शोरूमची हौस नाही. इथला एकेक सोफा माझ्या हाताखालून गेलाय. फक्त एक करा म्हणावं भावोजींना. एकदा, एका गिऱ्हाइकासमोर, मी कोण आहे ते नीट सांगा. हा आमचा हेडमिस्त्री, एवढंच. पुढे काही जोडू नका. मी राहतो.

बायकोने हे सांगताना दोनदा डोळे पुसले. मी म्हटलं, एवढंच? अगं, फुकटचा सौदा आहे! एक वाक्य! मी उगाच महिनाभर अरबी शिकलो. ती म्हणाली, हसू नका, त्याने शोरूमवाल्याला अजून पक्का होकार दिलेला नाही, महिनाअखेरपर्यंत थांबवलंय, पुढे थांबवणार नाही. ती म्हणाली, तुमच्याकडून एवढं होईल ना हो? कसल्या कसल्या प्रश्नांनी माणसाचं अवमूल्यन करतात बघा.

हा आमचा हेडमिस्त्री. आरशासमोर म्हणून पाहिलं. सोपं आहे. जरा कोरडं आहे, पण सोपं आहे.

२५ नोव्हेंबर

आज एक गिऱ्हाईक आलं. स्टुलावरची गादी बदलायला. मेहुणा समोरच होता. माझ्याकडे बघत होता. आज तोंडात खिळे नव्हते त्याच्या.

मी वाक्य काढणारच होतो. पण स्टुलाचं गिऱ्हाईक! इतकं महत्त्वाचं वाक्य एका स्टुलावर वाया घालवायचं? मेहुण्याचाच अपमान. थांबलो.

२६ नोव्हेंबर

दोन गिऱ्हाइकं. एकाला घाई होती. दुसऱ्याला ऐकायला कमी येत होतं असा मला संशय आला.

ठरलं. हे वाक्य गॅदरिंगमध्ये, स्टेजवरून, माईकवर. सगळ्या धंद्यासमोर. एका गिऱ्हाइकाऐवजी अख्खा हॉल. मागितलं त्याच्या कितीतरी पट देणारा माणूस मी. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, आणि पुढे काही जोडणार नाही ना? मी म्हटलं, तुझी शपथ. ती म्हणाली, माझी नको, तुमची घ्या.

२८ नोव्हेंबर, सकाळी

सूट घातला. जरा घट्ट होतो, पण त्यामुळे छाती पुढे राहते. अध्यक्षांचा फोन. जादूगार येतोय. म्हटलं, मग? म्हणाले, तुम्हाला दहा मिनिटं देतो, त्याची कबुतरं सेट होईपर्यंत.

बायकोने मेहुण्याचा शर्ट इस्त्री करून पाठवला. मेहुण्याची बायकोही येणार आहे. तिसऱ्या रांगेत जागा धरायला सांगितली आहे, तिथून चेहरा चांगला दिसतो.

२९ नोव्हेंबर

प्रचंड यश. हॉल कोसळला.

क्रमाने लिहितो. सुरुवातीला मस्खरा सांगितला. शांतता. विद्वत्तेला शांतता लागतेच. मग मस्का अधिक अरी. पुढच्या रांगेतले लाकूडवाले एकमेकांकडे बघू लागले. मागे कुणीतरी विचारलं, कबुतरं कधी येणार? चेष्टा, विनोद, सगळं सांगून झालं. कुणी खोकलं. मी घामाने भिजलो होतो. स्टेजवरचे दिवे फार तापतात.

मग म्हटलं, आता मुख्य गोष्ट. मेहुण्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट. अख्खा हॉल वळून बघायला लागला. त्याने हात अर्धे जोडले होते, पुरते जोडावेत की नाही या विचारात. त्याची बायको त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, हा आमचा हेडमिस्त्री.

म्हटलं! स्पष्ट म्हटलं. साक्षीला अख्खा हॉल आहे.

आणि मग शांतता. पण कसली! वाक्य संपलं आणि कुणीच काही करेना. टाळी नाही, खोकला नाही. माईक नुसता घुमत होता. माणूस अशा वेळी काय करेल? दहा मिनिटं त्या हॉलने मला एक हुंकार दिला नव्हता. वाक्य उघडं पडलं होतं, थंडीत कुडकुडत होतं, त्याच्या अंगावर काहीतरी घालणं माझं कर्तव्य होतं. मी म्हटलं, बायकोवर फ्री मिळाला.

हॉल कोसळला. लाकूडवाले मांड्या बडवत होते. कबुतरवाला पडद्यामागून हसत होता. इतकं हसणं मी आयुष्यात ऐकलं नाही. कानात साठवून ठेवलंय.

मेहुणा बाहेर गेला. बहुधा पाणी प्यायला. त्याची बायकोही गेली. तिलाही तहान लागली असावी.

अध्यक्ष म्हणाले, शेवटचं एक वाक्य फार छान होतं, तेवढंच बोलला असतात तरी चाललं असतं. बायको रिक्षाने घरी गेली. मी गाडीने. दोघं एकाच घरी राहतो.

३० नोव्हेंबर, सोमवार

मेहुण्याने डॉक्टरीणबाईंचा सोफा पुरा केला, त्याच्यावरचा दोरा न् दोरा वेचला, एप्रन घडी करून टेबलावर ठेवला. शिवणाऱ्या बाईंना सुतळी कशी ओढायची ते पुन्हा एकदा दाखवलं. मग माझ्यासमोर आला. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मी त्याला सहज हरवलं असतं. तो म्हणाला, येतो भावोजी, तब्येत सांभाळा.

यावर काहीतरी जबरदस्त बोलायला हवं होतं. सुचलं तेव्हा तो गेटबाहेर पोचला होता.

रुसवा आहे. आठ दिवसांत येईल.

३ डिसेंबर

नवा मिस्त्री ठेवला. गुणी आहे. माझ्या प्रत्येक वाक्याला हसतो. गुड मॉर्निंग म्हटलं तरी हसतो. फोम संपला म्हटलं तेव्हाही हसला. त्याने केलेल्या पहिल्या खुर्चीचं बटण बसल्या बसल्या उडालं आणि कन्येच्या चहात पडलं. तेव्हा मात्र हसला नाही.

खिळे आता कुणी तोंडात धरत नाही. गरज उरली नाही म्हणे, गन आहे. मी आत गेलो की सगळे सरळ माझ्याकडे बघतात. हे जास्त अवघड जातं.

८ डिसेंबर

शोरूमकडून गेलो. मुद्दाम नव्हे. त्या रस्त्याने काही कामं असतात माणसाला. पुढच्या काचेतून बघणं बरं दिसलं नसतं, म्हणून मागच्या बाजूला, माल उतरवतात त्या दाराशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज आला. मेहुण्याचा. त्याचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं.

काहीतरी किस्सा सांगत होता. मी दाराशी आणखी सरकलो. माझ्यावरच असणार, दुसरं काय असेल त्याच्यापाशी सांगायला? म्हटलं बोल, काय बोलायचं ते बोल, ऐकायची तयारी आहे.

किस्सा असा होता. एक वकील आले. म्हणाले, सोफा असा करा की पाहुण्याने बघताच वाहवा म्हटलं पाहिजे, पण फार वेळ बसता कामा नये. मेहुण्याने विचारलं, किती वेळ बसू द्यायचं साहेब? चहा संपेपर्यंत? वकील म्हणाले, छे, चहा घेणार का असं विचारेपर्यंत. मेहुण्याने विचारलं, आणि ते विचारणार कधी? वकील म्हणाले, पाहुणे उठले की.

आत सगळे हसले. मोठ्याने, तोंडं उघडी टाकून, कुणी मान हलवून भागवलं नाही. मी वाट बघत राहिलो. वकिलानंतर मी येईन म्हणून. दुसरा किस्सा सुरू झाला, त्यात एका काकूंचं मांजर होतं. तिसऱ्यात तो स्वतःच होता. मी कशातच नव्हतो.

वॉचमन आला, विचारलं, कोण हवंय? म्हटलं, कुणी नाही, हसणं ऐकू आलं म्हणून थांबलो. तो म्हणाला, हल्ली रोज असतं.

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. महिनाअखेरपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी तिला वकिलाचा किस्सा सांगितला. अगदी जसाच्या तसा, एक शब्द न जोडता. पाहुणे उठले की, म्हटलं, आणि ती हसली. भाजी बाजूला ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं, जमलं. सगळं पुन्हा जमलं.

मग पदराने डोळे पुसत तिने विचारलं, कुणाचा हो हा? म्हटलं, कुणाचा म्हणजे? माझाच. आजच सुचला.

ती म्हणाली, तुमचा नाही.

कशावरून, विचारलं.

म्हणाली, मी हसले ना.